विंडोजवर नवीन काही न टाकता वेब सर्व्हरला कसं जोडायचं, आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर आधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत घरचा टॉवेल-नॅपकिनचा कारखाना आहे. कारखान्याची वेबसाइट मुंबईतल्या एका क्लाउड सर्व्हरवर चालते. ज्या मुलानं ती बनवली तो नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्यानं मेलवर एक की-फाइल (सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली असलेली फाइल), सर्व्हरचा आयपी पत्ता आणि ‘युजरचं नाव उबुंटू’ एवढंच पाठवलं. मागच्या वर्षी व्हायरस आल्यापासून ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर नवीन सॉफ्टवेअर टाकायचं नाही असं काकांनी बजावलंय. विचारणाऱ्या ताईंनी तरीही इकडून तिकडून वाचून जोडायचा प्रयत्न केला, तर बराच वेळ स्क्रीनवर काहीच हलत नाही आणि शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं. की-फाइल खराब आहे का, पुट्टी (सर्व्हरला जोडायचं वेगळं सॉफ्टवेअर) घ्यावीच लागेल का, असं त्या विचारतात.

ताई, पुट्टीचं आधी सांगतो. पुट्टी लागत नाही. आणि की-फाइल चांगली आहे की खराब, हे या एररवरून कळूच शकत नाही, कारण तुमची की सर्व्हरनं अजून पाहिलेलीच नाही. हा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यावर खाली सविस्तर येतो.

आधी हत्यारांचं. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून ओपनएसएसएच क्लायंट, म्हणजे दूरच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्राम, विंडोजबरोबरच येतो. वेब पत्त्याला विनंती पाठवून उत्तर दाखवणारं कर्लही त्याच अपडेटमध्ये आलं. विंडोज ११ वर दोन्ही असतातच. मॅक आणि लिनक्सवर तर ती फार आधीपासून आहेत. स्टार्टमध्ये पॉवरशेल (कमांड टाइप करायची खिडकी) शोधून उघडा, एसएसएच ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. पर्यायांची लांबलचक यादी आली तर क्लायंट आहे. ‘असा कमांड सापडला नाही’ असं आलं तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, आणि तिथून ओपनएसएसएच क्लायंट चालू करा. तो मायक्रोसॉफ्टचाच भाग आहे, बाहेरून काही उतरवायचं नाही. एवढं काकांना सांगितलंत तर त्यांची हरकत राहणार नाही. त्यांची सावधगिरी योग्यच आहे.

इथे कमांड मी फोनवर सांगतो तशा लिहितोय. नवी पेठेतल्या माझ्या टेबलावरून रोज कुणाला ना कुणाला अशाच सांगाव्या लागतात. टाइप करताना सगळं इंग्रजीच्या छोट्या लिपीत करायचं, मी ‘मोठा’ म्हणेन ते अक्षर तेवढं कॅपिटल, आणि मी ‘स्पेस’ म्हणतो तिथे खरोखर जागा सोडायची. निम्मे घोटाळे एका हुकलेल्या जागेमुळे होतात.

मूळ कमांड अशी: एसएसएच, स्पेस, डॅश आय, स्पेस, की-फाइलचा पूर्ण पत्ता, स्पेस, उबुंटू, ॲट द रेट, आयपी पत्ता. डॅश आय म्हणजे ‘ओळख पटवायला ही फाइल वापर’. ॲट द रेटच्या आधी युजरचं नाव आणि नंतर मशीनचा पत्ता. की-फाइल फोल्डरमधून माउसनं ओढून पॉवरशेलच्या खिडकीवर सोडली की तिचा पूर्ण पत्ता आपोआप टाइप होतो. मी सगळ्यांना तेच करायला सांगतो.

आता तुमचा एरर. सर्व्हरला जोडताना तीन वाक्यं वारंवार दिसतात आणि बरेच जण तिन्ही एकाच मापानं मोजतात. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमची हाक गेली पण पलीकडून काहीच आलं नाही, ना होकार ना नकार. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे हाक मशीनपर्यंत पोचली आणि त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, कुणी बसलेलं नाही असं मशीननंच सांगितलं. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे तुम्ही दारात पोचलात, आतल्या माणसानं तुमच्याकडे पाहिलं, पण तुमची ओळख पटली नाही. काही फायरवॉल (येणं-जाणं अडवणारे रखवालदार) मुद्दाम नकार कळवतात, म्हणून ‘रिफ्यूज्ड’ फायरवॉलमुळेही येऊ शकतं. पण सुरुवात या तीन अर्थांनीच करा. की, पासवर्ड, युजरचं नाव यांचा संबंध फक्त तिसऱ्याशी. पहिलं वाक्य येत असताना नवीन की बनवणं म्हणजे गेटच उघडलं नसताना कपाटाची किल्ली बदलत बसणं. आणि लोक नेमकं तेच करत बसतात. दोन दिवस जातात, कधी सर्व्हरच पुसून नव्यानं उभा करतात, आणि शेवटी दोष निघतो रस्त्यातल्या एका बंद फाटकात.

‘टाइम्ड आउट’ची कारणं मोजकी असतात: पत्ता चुकीचा, सर्व्हर बंद, पलीकडची फायरवॉल, किंवा तुमच्याच बाजूचं नेटवर्क. एकेक बाद करत जायचं.

पत्त्यापासून सुरू करा. तुम्ही आयपी टाकताय की वेबसाइटचं नाव? नाव टाकत असाल तर एनएसलुकअप, स्पेस, साइटचं नाव, असं टाकून बघा आणि येणारा आयपी त्या मुलानं दिलेल्या आयपीशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर घाबरू नका. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा लावलेली असेल तर नावावरून त्यांचा आयपी मिळतो, तुमच्या सर्व्हरचा नाही. ती सेवा वेबचं येणं-जाणं पुढे पाठवते, एसएसएचचं पाठवत नाही. म्हणून नावानं जोडलं की हमखास ‘टाइम्ड आउट’ येतं आणि आयपीनं जोडलं की काम होतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रकार बऱ्याचदा निघतो.

मग पोर्ट तपासा. लोक पिंग (मशीनला दिलेली साधी हाक) करून बघतात आणि उत्तर आलं नाही की सर्व्हर मेला असं ठरवतात. बऱ्याच क्लाउड सर्व्हरवर पिंगला उत्तर देणं बंदच केलेलं असतं, त्यामुळे पिंगच्या गप्प राहण्यातून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये हे टाका: टेस्ट, डॅश, नेटकनेक्शन, स्पेस, आयपी, स्पेस, डॅश पोर्ट, स्पेस, २२. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ पुढे ट्रू किंवा फॉल्स येईल. मग तेच २२ च्या जागी ४४३ टाकून करा. २२ हा एसएसएचचा पोर्ट, ४४३ हा सुरक्षित वेबसाइटचा, ८० हा साध्या वेबसाइटचा.

४४३ ला ट्रू आणि २२ ला फॉल्स आलं तर बरंच कळलं. सर्व्हर जिवंत आहे, पत्ता बरोबर आहे, फक्त २२ ची वाट कुणीतरी अडवली आहे. कुणी, हे शोधायला दोन मिनिटं लागतात. लॅपटॉप ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून काढा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तीच चाचणी परत करा. हॉटस्पॉटवर ट्रू आलं तर अडवणूक ऑफिसच्या राउटरची किंवा इंटरनेट देणाऱ्याची. दोन्हीकडे फॉल्स आलं तर सर्व्हरच्या बाजूची.

तुमच्या बाबतीत ती सर्व्हरच्या बाजूची असणार असा माझा अंदाज आहे. तो मुलगा शहाणा दिसतो. त्यानं क्लाउडच्या फायरवॉलमध्ये २२ नंबर सगळ्या जगाला उघडा न ठेवता फक्त स्वतःच्या घरच्या आयपीला दिला असेल. काम करणारा जाणकार असला की हेच करतो. तसं असेल तर तुमची हाक सर्व्हरच्या आधीच गळून पडते आणि तुम्हाला नेमकं ‘टाइम्ड आउट’ दिसतं. उपाय लॅपटॉपवर नाही, क्लाउड कंपनीच्या पॅनलमध्ये आहे. तिथे त्या सर्व्हरच्या फायरवॉलचे नियम उघडून २२ च्या नियमात तुमच्या ऑफिसचा आयपी जोडायचा. ॲमेझॉनवर याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात, बऱ्याच जणांकडे साधं फायरवॉल.

तुमचा बाहेरून दिसणारा आयपी कळायला हे करा: कर्ल डॉट ईएक्सई, स्पेस, आयएफकॉन्फिग डॉट मी. मागचं ‘डॉट ईएक्सई’ विसरू नका. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल टाकलं की खरं कर्ल चालत नाही, पॉवरशेलची स्वतःची दुसरीच कमांड त्या नावानं पुढे येते आणि तिचं वागणं वेगळं असतं. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हा त्रास नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, आणि मोबाइलवर एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांमध्ये वाटलेला असतो. आज नियमात टाकलेला आयपी पुढच्या आठवड्यात तुमचा नसेल. म्हणून पॅनलचा लॉगिन तुमच्या हातात हवाच. परत ‘टाइम्ड आउट’ आलं तर सगळ्यात आधी हाच आयपी तपासा.

वाट मोकळी झाली की पहिल्यांदा जोडताना एक प्रश्न येईल. या मशीनची सत्यता पडताळता येत नाही, तिच्या कीचा ठसा अमुक, पुढे जायचं का, अशा अर्थाचा. इथे सवयीनं ‘येस’ लिहून टाकू नका. तो ठसा म्हणजे सर्व्हरची ओळख. तुम्ही सर्व्हरला ओळख पटवता तसाच सर्व्हरही तुम्हाला पटवतो. पुण्याच्या त्या मुलाला फोन लावा. तो अजून सर्व्हरमध्ये जाऊ शकत असेल तर त्यानं आत जाऊन हे चालवायचं: एसएसएच, डॅश, कीजेन, स्पेस, डॅश एलएफ, स्पेस, आणि पुढे इटीसी फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरातल्या सर्व्हरच्या ईडी२५५१९ पब्लिक कीचा पत्ता. येणारा ठसा त्यानं तुम्हाला पाठवायचा. क्लायंट नवा असेल तर ‘येस’च्या जागी तुम्ही तो ठसाच चिकटवू शकता, जुळतो की नाही ते क्लायंट स्वतः बघतो. एकदा जुळला की तो ‘नोन होस्ट्स’ या फाइलमध्ये नोंदला जातो आणि परत विचारणा होत नाही.

पुढे कधी मोठ्या अक्षरांत ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा इशारा आला तर थांबा. सर्व्हर नव्यानं बसवला असेल तर तो बरोबर आहे, मग जुनी नोंद काढा: एसएसएच, डॅश, कीजेन, स्पेस, डॅश मोठा आर, स्पेस, आयपी. पण सर्व्हरला कुणी हातच लावलेला नसताना हा इशारा आला, तर मधे कुणीतरी बसलेला असू शकतो. ‘ती नोंद उडवा की चालतं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कारण न विचारता तो कधी पाळू नका.

हे एवढं कशाला, असं वाटेल. एसएसएचचा जन्मच या भीतीतून झाला. आधी लोक टेलनेटनं दूरच्या मशीनवर जात, २३ नंबरच्या पोर्टवरून. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जातो, मधल्या कुणालाही वाचता येतो. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले. त्यानंतर तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. २१ वर एफटीपी होतं, २३ वर टेलनेट, मधला २२ रिकामा होता. तो त्यांनी मागितला आणि त्यांना मिळाला. आज आपण वापरतो तो ओपनएसएसएच हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये आणलेला अवतार. टेलनेट विंडोजमध्ये अजून आहे, पण बंद ठेवलेलं असतं. ते तसंच राहू द्या.

आता दारात पोचलात आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, कंसात ‘पब्लिककी’ असं दिसलं, तर कीकडे वळायचं. त्याआधी युजरचं नाव बघा. उबुंटूच्या क्लाउड सर्व्हरवर ते उबुंटू असतं, ॲमेझॉनच्या स्वतःच्या लिनक्सवर ईसी२-युजर, भाड्याच्या साध्या सर्व्हरवर बहुतेक वेळा रूट. नाव चुकलं तरी एरर हाच येतो, त्यामुळे निष्पाप कीवर आळ येतो.

मग की-फाइल नोटपॅडमध्ये उघडून फक्त पहिली ओळ वाचा, बाकीच्याला हात लावू नका. ‘बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की’ किंवा ‘बिगिन आरएसए प्रायव्हेट की’ असेल तर ठीक. सुरुवात ‘पुट्टी-युजर-की-फाइल’ अशी असेल, तर ती पुट्टीच्या रूपातली आहे आणि ओपनएसएसएचला वाचता येत नाही. त्या मुलाला पुट्टीजेनमधून ओपनएसएसएचच्या रूपात काढून द्यायला सांगा, त्याचं एका मिनिटाचं काम आहे.

कधी कधी ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की’ असा इशारा येतो. की-फाइल लॅपटॉपवरच्या दुसऱ्या युजरलाही वाचता येत असेल तर क्लायंट ती वापरायलाच नकार देतो, आणि ते योग्यच आहे. डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या कीला हे हटकून होतं. सी ड्राइव्हवर युजर्समध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘डॉट एसएसएच’ नावाचं फोल्डर करा आणि की तिथे कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा, म्हणजे त्या फोल्डरच्या परवानग्या तिला लागू होतात. नंतर जुनी प्रत पुसा. लिनक्स किंवा मॅकवर यासाठी सीएचमॉड ६०० पुरतं.

एवढं करूनही अडलं तर मूळ कमांडमध्ये एसएसएचनंतर डॅश व्ही टाका. क्लायंट प्रत्येक पायरी बोलून दाखवेल. कुठे जोडला, कुठली की पुढे केली, सर्व्हरनं ती घेतली की नाही, सगळं त्यात दिसतं. मला मदत मागणाऱ्यांनी या पानभर मजकुराची प्रत पाठवली की काम लगेच होतं, नुसतं ‘चालत नाही’ असं लिहून पाठवलं की तासभर जातो. पाठवताना आयपी झाका. आणि की-फाइल कुणालाही पाठवू नका, मलाही नाही.

आत गेलात की स्क्रीनवर युजरचं नाव आणि सर्व्हरचं नाव दिसेल. आता टाइप केलेलं सगळं मुंबईतल्या मशीनवर चालतंय, लॅपटॉपवर नाही. पहिल्या दिवशी काही बदलू नका, फक्त बघा. अपटाइम टाकलं की मशीन किती दिवस चालू आहे ते कळतं. डीएफ, स्पेस, डॅश एच टाकलं की डिस्क किती भरली ते कळतं. ही दुसरी कमांड मी कुठल्याही सर्व्हरवर गेलो की सर्वांत आधी चालवतो, आणि त्याला कारण आहे.

मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे गणवेशवाल्यांची किती धावपळ असते ते तुम्हाला माहीत आहे. अशाच एका हंगामात रात्री अकराला एका गणवेश कारखान्यातून फोन आला. साइट उघडते, पण ऑर्डर टाकली की कोरं पान येतं. शाळांच्या ऑर्डरी त्यावरच यायच्या. घरून एसएसएचनं आत गेलो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू, डेटाबेस मात्र अडखळत होता. डीएफ चालवलं तर डिस्क १०० टक्के भरलेली. शोधत गेलो तर एका प्रोग्रामची लॉग (नोंदींची) फाइल महिनोन्‌महिने फुगत जाऊन सगळी जागा खाऊन बसली होती. घाईत ती फाइल मी उडवली आणि परत डीएफ चालवलं. आकडा १०० वरच! दोन मिनिटं काही सुचेना. मग लक्षात आलं. फाइल नावापुरती गेली होती, पण तो प्रोग्राम ती उघडी धरून बसला होता, आणि तो सोडत नाही तोवर लिनक्स जागा परत देत नाही. प्रोग्राम रीस्टार्ट केला आणि आकडा झर्रकन खाली आला. तेव्हापासून चालू लॉग मी उडवत नाही. ट्रंकेट, स्पेस, डॅश एस, स्पेस, शून्य, आणि पुढे फाइलचं नाव, असं करून ती जागच्या जागी रिकामी करतो.

साइटबद्दल शंका आली तर बाहेरूनही बघता येतं, आत जायची गरज नाही. लॅपटॉपवर: कर्ल डॉट ईएक्सई, स्पेस, डॅश मोठा आय, स्पेस, साइटचा पूर्ण पत्ता. पहिल्या ओळीत एक आकडा येतो. २०० म्हणजे ठीक. ३०१ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवतोय. ४०३ म्हणजे बघायला मनाई. ५०० म्हणजे साइटच्या प्रोग्राममध्ये चूक. ५०२ आला तर पुढचा वेब सर्व्हर उभा आहे, पण त्याच्यामागचा प्रोग्राम पडलाय किंवा नीट उत्तर देत नाहीये. ५०२ बघून वेब सर्व्हर रीस्टार्ट करण्यात अर्थ नाही, मागचा प्रोग्राम बघायला हवा. आत गेल्यावर एनजिनएक्सची एरर लॉग वाचा (सुडो म्हणजे ‘मुख्य युजरच्या हक्कानं चालव’): सुडो, स्पेस, टेल, स्पेस, डॅश एन, स्पेस, ५०, आणि पुढे व्हार फोल्डरमधल्या लॉगमधल्या एनजिनएक्स फोल्डरातली एरर डॉट लॉग. शेवटच्या ५० ओळींत बहुतेक वेळा कारण सरळ लिहिलेलं असतं.

फाइल चढवायला किंवा उतरवायला एसएफटीपी वापरा, तेही आधीच लॅपटॉपवर आहे. कमांड एसएसएचसारखीच, फक्त पहिला शब्द एसएफटीपी. आत गेल्यावर पुट म्हणजे चढव, गेट म्हणजे उतरव. नवीन टॉवेलचे फोटो टाकायला एवढं पुरतं.

आपल्याकडची वीज लक्षात घेऊन एक सवय लावा. सर्व्हरवर पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणारं काम, उदाहरणार्थ अपडेट, थेट चालवू नका. वीज गेली, राउटर बंद पडला, की जोडणी तुटते आणि अपडेट अर्ध्यावर मरतं. आत गेल्यावर आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) टाका, उबुंटू सर्व्हरवर तो बहुधा असतोच. त्याच्या आत काम सुरू करा. मधेच लाइट गेली तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं. लाइट आली की परत जोडून टीमक्स, स्पेस, अटॅच टाकायचं, जिथे होतात तिथेच पोचता. जोडणी तुटूनही खिडकी नुसती गोठून बसली असेल तर एंटर, मग लाटेसारखी टिल्डची खूण, मग टिंब, या क्रमानं दाबा. जोडणी तिथेच संपते, पॉवरशेल बंद करावं लागत नाही.

आता कीबद्दलचं जोखमीचं काम. मेलवरून आलेल्या की-फाइलच्या प्रती आता तुमच्या मेलबॉक्समध्ये, त्या मुलाच्या लॅपटॉपवर आणि कदाचित आणखी कुठे आहेत. तो मुलगा चांगलाच असेल. तरी कारखान्याच्या दाराची किल्ली अशी फिरती नसावी. लॅपटॉपवर स्वतःची की बनवा: एसएसएच, डॅश, कीजेन, स्पेस, डॅश टी, स्पेस, ईडी२५५१९. पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) विचारेल तेव्हा नक्की द्या. टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत, ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं. दोन फाइली होतील. ‘डॉट पब’ असलेली सार्वजनिक, तिच्यातली एकच ओळ सर्व्हरवरच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये खाली जोडायची. दुसरी लॅपटॉप सोडून कुठे जाणार नाही. लिनक्सवर ही ओळ पोचवायला तयार कमांड असते, विंडोजमध्ये ती नाही, म्हणून सर्व्हरवर नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडून हातानं चिकटवा. ओळ मधे तुटू देऊ नका.

आणि इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. जुन्या कीनं उघडलेली खिडकी तशीच उघडी ठेवा. दुसरी खिडकी उघडून नव्या कीनं आत जाऊन दाखवा. ते जमल्यावरच जुनी ओळ काढा. फायरवॉल किंवा एसएसएचची सेटिंग बदलतानाही हाच नियम. गड्डा यात्रेच्या दिवसांत एका दुकानाच्या सर्व्हरवर मी यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू केली आणि २२ ला आधी परवानगी द्यायची राहून गेली. चालू असलेली खिडकी तशीच चालत राहिली, म्हणून काही जाणवलं नाही. सगळं झालं समजून बाहेर पडलो, आणि नंतर पुन्हा जायला गेलो तर ‘टाइम्ड आउट’. होस्टिंगच्या पॅनलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल होता, म्हणून पहाटेपर्यंत वाट सापडली. तो कन्सोल तुमच्या पॅनलमध्ये कुठे आहे, हे गरज पडण्याआधीच शोधून ठेवा.

सगळं सुरळीत झालं की ‘डॉट एसएसएच’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाची फाइल करून त्यात होस्टचं टोपणनाव, पत्ता, युजर आणि कीचा पत्ता लिहून ठेवा. मग एसएसएच, स्पेस, कारखाना, एवढंच टाइप करून आत जाता येईल. नोटपॅड त्या फाइलच्या नावाला मागून ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतो आणि मग ती वाचली जात नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडून नाव अवतरणचिन्हांत द्या.

आज मात्र सगळ्यात आधी त्या मुलाला फोन करा. क्लाउडच्या पॅनलचं खातं कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या फोन नंबरवर आहे, महिन्याचं बिल कुणाच्या कार्डवरून जातं, साइटच्या नावाचं नूतनीकरण कधी आहे, हे विचारून घ्या. सगळं त्याच्याच नावावर असेल तर तो नव्या नोकरीत गुंतायच्या आत कारखान्याच्या नावावर करून घ्या. आयपी जोडून झाल्यावर २२ ची चाचणी परत करा आणि फॉल्सच आलं तर दोन्ही चाचण्यांच्या शेवटच्या ओळी इथे लिहा, ऑफिसच्या नेटवरची आणि हॉटस्पॉटवरची. तिथून पुढे बघू.